मालवणातून गरवायला जायचंय? होडीआधी तांडेल शोधा

प्रश्न असा आहे: पुण्याचे पाच मित्र डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारी मालवणला येणार आहेत. फक्त स्वतःपुरती होडी ठरवून दिवसभर 'खोल समुद्रात' गळ टाकायचे आहेत. पाचातल्या दोघांनी नदीत, तलावात मासे धरलेत, बाकीचे अगदीच नवखे. होडी किती आधी ठरवायची, कोणाला काय विचारायचं, पैसे कसे ठरवायचे?

मी गेली वीस-बावीस वर्षं मालवण आणि देवगडहून अशा लहान गटांना घेऊन जातोय. गळ टाकून मासे धरण्याला आमच्याकडे गरवणं म्हणतात आणि गळाला गरी. हे दोन शब्द बंदरावर वापरलेत तर बोलणं लवकर जमेल.

आधी 'खोल' या शब्दाबद्दल बोलू, कारण फसवणूक बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. कोकणासमोरचा समुद्र उथळ आहे. किनाऱ्यापासून तळ अगदी हळूहळू उतरत जातो. मालवणातून दहा-बारा सागरी मैल, म्हणजे वीसेक किलोमीटर बाहेर गेलात तरी खाली पाणी पंधरा-वीस वावच असतं. एक वाव म्हणजे सहा फूट. तळ जिथे एकदम कोसळतो ती कड शंभर किलोमीटरच्याही पुढे आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालेला तो प्रवाळाचा अँग्रिया बँकही साधारण तेवढ्याच अंतरावर. सहा-सात नॉट, म्हणजे ताशी सहा-सात सागरी मैल वेगाच्या लाकडी होडीने तिथे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येत नाही. कोणी तुम्हाला एका दिवसात 'डीप सी' आणि भलामोठा मार्लिन, म्हणजे भाल्यासारख्या तोंडाचा खोल समुद्रातला मासा, कबूल करत असेल, तर फोन ठेवून द्या. मार्लिन हवा असेल तर अंदमान किंवा मॉरिशस गाठायचं. तिथे किनाऱ्यापासून थोडं बाहेर पडलं की तळ एकदम खोल जातो.

पण मालवणात जे मिळतं ते कमी नाही. वरच्या पाण्यात सुरमई, कुपा, मोडुसा. खडपाच्या आसपास, म्हणजे पाण्याखालच्या खडकाळ जागी, तांबोशी, गोबरा, हेकरू. सात-आठ किलोची सुरमई दोरी घेऊन पळते तेव्हा रीळ जे ओरडतं, ते ऐकायला माणसं दर वर्षी परत येतात. यासाठी आठ ते बारा मैल पुरतात.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही विचारलंय होडी कशी ठरवायची. मी म्हणेन, तांडेल, म्हणजे होडी चालवणारा प्रमुख, कोण ते आधी विचारा. फोटोत चकचकीत दिसणारी होडी मालकाची असते. तुम्हाला पाण्यात नेणारा आणि परत आणणारा तांडेल असतो, आणि पुष्कळदा तो मालक नसतो. मालकाशी सौदा झाला की पुढचा प्रश्न: "तांडेल कोण येणार, त्यांच्याशी बोलता येईल का?" टाळाटाळ झाली तर पुढे जा. फोनवर तांडेल आले की मासे किती मिळतील हे विचारू नका. विचारा, "गेल्या मोसमात किती वेळा गिऱ्हाईक होडीत बसल्यावर तुम्ही परत फिरलात?" एकदाही नाही म्हणणारा माणूस मला नको. मी ज्यांच्याबरोबर सर्वांत जास्त फेऱ्या केल्या ते म्हातारे तांडेल पहाटे साडेचारला जेट्टीवर उभे राहायचे, तोंड पश्चिमेला करून. नुसतं वारा घेत. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. मग एक तर मुकाट्याने इंजिनाकडे वळायचे, नाहीतर म्हणायचे, "आज वारो बरो नाय. उद्या बगूया." सगळ्यांची तयारी, पुण्याहून रात्रभर केलेला प्रवास, कशाचाही त्या वाक्यावर परिणाम व्हायचा नाही. असा माणूस मिळाला की निम्मं काम झालं.

तारीख ठरवताना तीन गोष्टी बघा: मोसम, वारा आणि तिथी.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. प्रवासी आणि पर्यटनाच्या होड्या तर साधारण 26 मेपासून 31 ऑगस्टपर्यंत बंदच. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की होड्या पाण्यात उतरायला लागतात, पण सप्टेंबरात पाणी अजून गढूळ आणि लाट जड असते. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबर संपेपर्यंत माझ्या मते उत्तम काळ. तुमचा डिसेंबर योग्य आहे. फक्त नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळा. त्या दिवसांत प्रत्येक होडी डॉल्फिन दाखवायला आणि स्कुबाला जुंपलेली असते, आणि रात्री अकरापर्यंत राबलेला खलाशी पहाटे चारला तुमच्यासाठी ताजातवाना नसतो. पुढेमागे फेब्रुवारीत यायचं ठरवलंत तर आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख आधी बघा. ती दर वर्षी देवीचा कौल घेऊन ठरते, कॅलेंडरात छापलेली नसते, आणि त्या दिवसांत ना खोली मिळते ना खलाशी.

चक्रीवादळाचं भान याच महिन्यांत ठेवायला हवं. 2017 च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओखी आलं तेव्हा केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी बोटी आसऱ्याला देवगड बंदरात शिरल्या होत्या. आभाळ इथे निरभ्र असतानाही दूरच्या वादळाची लांब लाट येऊन पोचते. म्हणून हवामान खात्याबरोबर हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा समुद्रस्थितीचा अंदाजही बघा, त्यात लाटांची उंची दिलेली असते. बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला असेल तर चर्चाच नको.

वाऱ्याचं गणित सोपं आहे आणि त्यावरच दिवसाचं वेळापत्रक बसतं. थंडीत रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो. तेव्हा समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत असतो. ऊन चढलं की अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा सुरू होतो, वायव्येकडून, आणि दोन वाजेपर्यंत पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागतात. परतताना ती लाट होडीच्या कुशीवर येते, होडी डावी-उजवीकडे लोळते, आणि नवख्यांचे हाल होतात. म्हणून सकाळी पाचला निघायचं आणि साडेबारा-एकपर्यंत बंदरात यायचं. 'सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच' अशी फेरी विकणारा माणूस तुम्हाला नेमका वाईट भाग विकतोय.

तिथीबद्दल शहरातली माणसं विचारत नाहीत, आणि खडपावर गरवायचं असेल तर ती फार महत्त्वाची. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला पाणी जोरात ओढतं, दोरीला वजन म्हणून लावलेलं शिसं तळाशी टिकत नाही, दोरी तिरकी जाते आणि गरी खडकात अडकत राहतात. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या भरतीला पाणी मंद असतं. भरतीची वेळ काढायची जुनी रीत अशी: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. हा हिशेब मुंबईकडे नेमका बसतो, मालवणात भरती त्याच्या थोडी आधी येते. तुमच्या शनिवार-रविवारांपैकी अष्टमी-नवमीच्या जवळचा निवडा. नुसतं सुरमईमागे ट्रोलिंग करायचं असेल, म्हणजे चालत्या होडीमागे नकली मासा ओढायचा, तर तिथीची एवढी काळजी नको.

कागदांबद्दल स्पष्ट बोलतो. मासेमारी होडीकडे मासेमारीचा परवाना असतो. पैसे घेऊन माणसं नेण्याचा परवाना वेगळा, तो महाराष्ट्र सागरी मंडळाकडून मिळतो, आणि त्यात किती माणसं न्यायची, कुठपर्यंत न्यायची हे लिहिलेलं असतं. गोव्यात हे काम कॅप्टन ऑफ पोर्ट्स खातं बघतं. दोन गोष्टी विचारा: प्रवासी परवाना चालू आहे का, आणि तो बंदराच्या हद्दीबाहेर चालतो का? किल्ल्याच्या फेरीचा परवाना दाखवून दहा मैल नेणारे आहेत. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं हेच बघते. फोटो मागून घ्या, ओशाळायचं काही कारण नाही. तुमच्याकडेही प्रत्येकाचं आधार कार्ड असू द्या, सागरी पोलीस तपासतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत मी जे विचारतो त्यातलं बरंचसं एका दिवसाने शिकवलंय. बरीच वर्षं झाली. सहा जणांचा गट होता, माझी नेहमीची होडी दुरुस्तीला, म्हणून मी दुसऱ्याची घेतली. निघताना मालकाने तांडेल बदलला, आणि मी बोललो नाही. साधारण नऊ मैलांवर इंजिन खोकत बंद पडलं. डिझेलमध्ये पाणी आलं होतं, फिल्टर तुंबला होता, आणि जादा फिल्टर होडीत नव्हता. नांगर टाकला तर दोरी जेमतेम तळाला टेकली. सोळा वाव पाणी आणि वीस वाव दोरी. नांगर तळावर नुसता घसटत राहिला. दुपारचा वारा सुरू झाला आणि आम्ही तीन तास आग्नेयेला वाहत गेलो. फोनला रेंज नाही. एका गिलनेटवाल्या होडीने शेवटी दोरी टाकून ओढत आणलं. कोणाला खरचटलंही नाही, पण त्यातला एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा दोन्ही हातांनी काठ धरून बसला होता आणि त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. ती बोटं मी विसरलेलो नाही. त्या दिवशी तांडेल बदलला तेव्हाच मी फेरी रद्द करायला हवी होती.

तेव्हापासून आदल्या संध्याकाळी होडीवर जाऊन स्वतः बघतो. तुम्हीही अर्धा तास काढा. नांगराची दोरी पाण्याच्या खोलीच्या निदान तीनपट हवी. वीस वावांत जाणार असाल तर साठ वाव. जादा डिझेल फिल्टर आणि इंजिनाचा पट्टा हवा. दुसरं इंजिन, निदान लहान आउटबोर्ड तरी, असेल तर थोडे जास्त पैसे आनंदाने द्या. व्हीएचएफ वायरलेस हवा आणि तो चालू करून सोळा नंबरच्या चॅनलवर आवाज येतो का ते ऐका. लाइफ जॅकेट माणशी एक, आणि त्याचे पट्टे ओढून बघा. उन्हाने कुजलेला पट्टा हातात तुटून येतो. जॅकेट निघतानाच अंगात घाला, फळीखाली ठेवलेलं वेळेला सापडत नाही. किनाऱ्यावरच्या एका माणसाला होडीचा नंबर, कुठल्या दिशेने चाललोय आणि परतीची वेळ लिहून द्या. तटरक्षक दलाचा नंबर 1554, सागरी सुरक्षेचा 1093.

पैशांचं. दर होडीगणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून मी आकडा सांगण्यापेक्षा तो कसा बनतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला घासाघीस कुठे करायची आणि कुठे नाही ते कळेल. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन ताशी चार-पाच लिटर पितं. आठ तासांची फेरी म्हणजे 40 लिटरच्या आत, डिझेल 90 रुपयांच्या आसपास धरलं तर साडेतीन हजार. फायबरच्या वेगवान होडीला 40 अश्वशक्तीचे दोन पेट्रोल आउटबोर्ड असतील तर ती ताशी वीस-पंचवीस लिटर सहज जाळते. पाच तास पळाली की इंधनच दहा हजारांच्या वर. त्यावर तांडेल, एक-दोन खलाशी, बर्फ, आमिष आणि मालकाचा वाटा. कोणी इंधनाच्या खर्चातही बसणार नाही असा दर सांगितला, तर तो एक तर तुम्हाला चार मैलांवर फिरवून आणणार आहे किंवा आयत्या वेळी अजून चार माणसं बसवणार आहे. "होडीत आमच्याशिवाय कोणी नाही" हे शब्द लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर चालतील.

आगाऊ रक्कम पंचवीस-तीस टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका. आणि एक अट आधीच पक्की करा: हवेमुळे तांडेलाने फेरी रद्द केली तर आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला वळती होईल किंवा परत मिळेल. ही अट तुमच्या पैशांइतकीच तुमच्या जिवासाठी आहे. रद्द केल्यावर मालकाचे पैसे बुडणार असतील तर तांडेलावर दबाव येतो. अर्ध्यातून परत फिरावं लागलं तर मात्र पूर्ण पैसे द्या, कुरकुर न करता. ज्या माणसाला परत फिरल्यावर पैसे कापले जातात तो पुढच्या वेळी परत फिरत नाही.

मासे कोणाचे हेही आधीच बोला. बहुतेक जण दोन-तीन मासे गिऱ्हाइकाला आणि उरलेले होडीला असं ठरवतात. सगळे हवे असतील तर तसं सांगा. खलाशाला एक चांगला मासा द्यावा, ही आमच्याकडची रीत आहे आणि चांगली आहे.

सामान होडीवर मिळतं, पण बऱ्याचदा ते गंजकं असतं. ज्यांच्याकडे स्वतःचे रॉड आहेत त्यांनी तळ्यातले हलके रॉड आणू नयेत. 30 ते 50 पौंडांचा ताण सोसणारी वेणीची दोरी असलेलं मध्यम रीळ पुरेल. सुरमईसाठी गरीच्या मागे वीतभर तार लावायचीच, तिचे दात नायलॉन कापून टाकतात. खडपावर जिवंत बांगड्यासारखं आमिष नाही. पहाटे जाता जाता पिसांच्या लहान गरींच्या माळेवर पाच-सात बांगडे धरून पाण्याच्या पिंपात जिवंत ठेवायचे. बांगडा पाठीच्या कातडीतून अलगद टोचायचा, कणा सांभाळून, म्हणजे तो तळाशी तासभर पोहत राहतो. यातच तांडेलाची ओळख पटते. चांगला तांडेल खडपाच्या नेमक्या वर थांबत नाही. वारा आणि पाण्याची ओढ बघून तो ओढीच्या वरच्या अंगाला नांगर टाकतो आणि दोरी सोडत सोडत होडी खडपाच्या काठावर आणून ठेवतो. तांबोशी काठावर असते, मधोमध नाही.

काय धरायचं नाही तेही तेवढंच महत्त्वाचं. मालवण सागरी अभयारण्य 1987 सालचं. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीच्या गाभा क्षेत्रात गरी टाकायची नाही, 'पाच मिनिटं' सुद्धा नाही. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिलेत. सुरमई 370 मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर सोडून द्यायची, बांगडा 140 पेक्षा लहान असेल तर तोही. पट्टी सोबत ठेवा. व्हेल शार्क, करवतमासा आणि समुद्री कासवं यांना कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे. मोरी (शार्क) आणि वागळीच्याही (रे) काही जाती संरक्षित आहेत आणि त्या ओळखणं तुम्हाला जमणार नाही, म्हणून मोरी किंवा वागळी लागली की होडीत न घेता तार कापून सोडा. मी लहान असताना इथे एकाच खडपावर जेवढे गोबरे मिळायचे, तेवढे आता चार खडपांवर मिळत नाहीत. ज्या समुद्रावर आमची घरं चालतात तिथे पाहुण्याने दहा मासे कमी धरले तर मला फार बरं वाटतं.

आणि दुसऱ्याच्या जाळ्याचा मान राखा. पहाटे अंधारात तरंगणारे बोये दिसले की ट्रोलिंगच्या दोऱ्या आत ओढा. एका तुटलेल्या जाळ्यात कोणाची महिन्याची कमाई जाते. आधीच पर्ससीनच्या प्रचंड जाळ्यांनी आणि एलईडी दिव्यांनी मासे गोळा करणाऱ्यांनी किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक रापणकराला पुरता जेरीस आणलंय, त्यात पर्यटकाची भर नको.

मासा होडीत आला की लगेच कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि फोडलेल्या बर्फात पूर्ण गाडा. कुपा, सुरमई, बांगडा उन्हात तासभर राहिले की त्यांत असं विष तयार होतं जे शिजवूनही जात नाही. चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं फुटतं. पाच माणसांना 20 किलो बर्फ धरा, जास्त झाला तर बिघडत नाही.

होडी लागण्याची भीती तिघा नवख्यांना असणारच. गोळी चालेल का ते आधी डॉक्टरांना विचारून घ्या. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही, ती निघण्याच्या तासभर आधी घ्यायची. आदल्या रात्री दारू नाही, जेवणाचा आग्रह झाला तरी तिखट बेताने. सकाळी रिकाम्या पोटी निघू नका, दोन घावणे किंवा केळं खा. होडीच्या मध्यावर किंवा मागे बसा, मोबाइलकडे न बघता क्षितिजाकडे बघा. डिझेलचा धूर येतो तिथून दूर.

महिनाभर आधी तांडेलाशी बोला, आठवडाभर आधी तारीख पक्की करा, आणि आदल्या रात्री आठला पुन्हा फोन करा. तो "नको" म्हणाला तर तेव्हाच विचारा, "मग कर्लीच्या खाडीत जमेल का?" तारकर्ली-देवबागच्या मागे ही खाडी समुद्राला मिळते. बाहेर वारा असला तरी आत पाणी शांत असतं. लहान होडी घ्या, भरती लागायच्या अर्धा तास आधी मुखाच्या आत जा आणि खडकांच्या कडेला जिवंत कोळंबी सोडा. तिथली तांबोशी लहान असते, पण गरी घेऊन खडकाकडे धावते तेव्हा रॉड दोन्ही हातांनी धरावा लागतो.